दुसऱ्या वाचक बाईंच्या तेवीस हरकती

धाकट्याचं वय एकसष्ट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा त्याला हाफपँट घालून मोकळा व्हायचा. 'धाकट्या' अशी हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं. त्याची ताई, वय सत्तर, मुक्काम दुसऱ्या गावी. तीसुद्धा ही हाक दर रविवारी फोनवरून मारायची. बाकीचे सहा दिवस त्याला नावच नव्हतं म्हणा ना. इमारतीत त्याला 'डिक्शनरी' म्हणत, पण ते पाठीमागे. आणि पाठीमागे काय म्हणतात हे कळायला पुढ्यात कोणीतरी यावं लागतं.

काम छोटंसं होतं. एक कंपनी आपले विक्रेते परदेशी पाठवणार होती. त्यांच्यासाठी विक्रीविषयीचे स्पॅनिश शब्द आणि वाक्प्रचार, एकूण एकशे वीस, इंग्रजीत करून द्यायचे. प्रत्येकाखाली दोन ओळी : कधी म्हणतात, कोणाला म्हणतात. धाकट्याची सगळी नोकरी स्पॅनिशचं इंग्रजी करण्यात गेली होती. करारपत्रं, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, एकदा तर एका भंगारात निघालेल्या बोटीचं सत्तर पानी चरित्र. त्यापुढे हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ.

नोंद १. वेंदेर उमो. शब्दशः धूर विकणे. इंग्रजीत : पोकळ आश्वासनं देणे. कधी म्हणतात : माल नसताना बोलणं भरपूर असतं तेव्हा.

नोंद १४. अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकणे. इंग्रजांकडे याला अस्वल लागत नाही, कोंबडीवर भागतं. अंड्यातून बाहेर येण्याआधी ते पिल्लं मोजतात. (आपल्याकडे बाजारातल्या तुरींवरून घरात मारामारी होते, पण ते कंपनीने विचारलं नव्हतं.)

असं तीन आठवडे छान चाललं. मग धाकट्याने कामासोबत आलेल्या फॉर्मचं शेवटचं पान उलटलं.

तिथे कलम नऊ होतं. 'प्रत्येक नोंद पहिल्या वाचकाने दुसऱ्या वाचकास समोरासमोर बसून मोठ्याने वाचून दाखवावी. दुसऱ्या वाचकाने आपल्या हरकती सोबतच्या तक्त्यात भरून सही करावी. दहापेक्षा कमी हरकती असलेली फाइल परत पाठवण्यात येईल.'

हे कलम लिहिणाऱ्याच्या घरात नक्कीच सात माणसं असणार. धाकट्याने कंपनीत फोन लावला.

"दुसरा वाचक तुम्ही देता का?"

"आम्ही कुठून देणार?" पलीकडचा कारकून म्हणाला.

"त्याला स्पॅनिश यायला हवं?"

"छे हो! स्पॅनिश तुम्हाला येतं ना? मग झालं. ऐकून समजेल असं माणूस हवं. घरात कोणीतरी असतंच की."

"असतं," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने घरात पाहिलं. दोन खोल्या होत्या, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची रद्दी बसली होती.

रविवारी ताईला सांगितलं. ताई तीस वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिलेली. बोलण्यात घासाघीस नाही.

"लग्न केलं असतंस तर घरात सही तयार असती."

"ताई, सहीसाठी कोणी लग्न करतं का?"

"लोक त्याहून कमी कारणांसाठी करतात. गुडघे बरे असते तर मीच आले असते. शेजारी कोणी नाही का?"

शेजारी होते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर होता. त्याने दारातच चष्मा लावला. "करू की. पण तोंडी विनंतीवर मी आयुष्यात काही केलेलं नाही. लेखी अर्ज द्या." धाकट्याने अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तो लाल शाईने माखून परत आला. तारीख चुकीच्या कोपऱ्यात, विषय विषयाच्या ओळीत नाही, 'आपला नम्र' कशावरून? एकूण अकरा हरकती. कलम नऊला दहाच हव्या होत्या, पण त्या भाषांतरावर हव्या होत्या, अर्जावर नव्हे. धाकट्याने अर्ज मागे घेतला. तो मागे घ्यायलाही अर्ज लागला.

शेजारच्या दारात विमावाला राहत असे. हा गडी लगेच तयार. आला, रद्दी उचलून जमिनीवर ठेवली, खुर्चीत मांडी घालून बसला. "वाचा!"

"वेंदेर उमो," धाकट्याने वाचलं. "धूर विकणे."

"वा! धुरावरून आठवलं. घराला आग लागली तर तुमचं काय?"

"ते या यादीत नाही."

"यादीत नसतंच हो काका, म्हणून तर विमा. पुढे वाचा."

धाकटा पुढे वाचत गेला. तीन नोंदी झाल्या, हरकत एकही नाही, आणि चौथ्या नोंदीच्या सुमाराला तो स्वतःच कुठल्याशा कागदावर सह्या करत होता. विक्रीवर एकशे वीस नोंदी लिहिलेला माणूस विकत घेणाऱ्याच्या जागी कधी जाऊन बसला, ते त्याचं त्याला कळलं नाही.

"इथे वारसाचं नाव."

धाकट्याचं पेन थांबलं. मग त्याने ताईचं नाव लिहिलं.

"वय?" विमावाल्याने वाकून पाहिलं. "काका, वारस तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा? दुसरं कोणी नाही?"

"लिहिलंय ते लिहिलंय," धाकटा म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने रद्दी पुन्हा खुर्चीवर ठेवली.

नोंद ६३. एक झाडूही न विकणे. कधी म्हणतात : दिवसभर खटपट करून हाती काहीच लागलं नाही तेव्हा. उदाहरण : वरीलप्रमाणे.

आता पुढचा भाग जरा सांभाळून ऐकावा लागेल. मंगळवारी सकाळी नऊ वाजता, सदतीस वर्षांत एकही स्वल्पविराम खोटा न घातलेल्या या माणसाने गुन्हा केला.

तक्त्याच्या वर छापलं होतं : 'दुसरा वाचक : श्री./श्रीमती. नको ते खोडावे.' धाकटा आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर 'श्रीमती' खोडत आला होता. हात सवयीने तिकडे गेला, आणि थांबला. मग त्याने 'श्री.' खोडलं.

कपाटातून हिरव्या शाईचं पेन काढलं. अक्षर डावीकडे कलतं केलं. पहिली हरकत अगदी मवाळ घेतली.

हरकत १. स्वल्पविराम फार झाले आहेत.

उत्तर : मान्य.

इथे दुसरा कोणी असता तर दहा हरकती बसल्या बैठकीला लिहून मोकळा झाला असता. पण अप्रामाणिकपणाही नियमाला धरून करायचा, हा या पिढीचा रोग. कलमात 'समोरासमोर' आणि 'मोठ्याने' असं म्हटलं होतं. म्हणून धाकटा एका खुर्चीत बसून नोंद मोठ्याने वाचायचा, उठून टेबलाला वळसा घालायचा, रद्दी हलवलेल्या खुर्चीत बसायचा, हिरवं पेन घ्यायचा आणि हरकत मोठ्याने घ्यायचा. मग परत वळसा. बाईंचा आवाज त्याने मुद्दाम बदलला नाही. पण चौथ्या-पाचव्या वळशाला तो आपोआप थोडा धारदार झाला.

हरकत ४. (नोंद २२, मांजर देऊन ससा सांगणे.) 'फसवणे' एवढं पुरे होतं. तुम्ही पाच ओळी लिहिल्यात. तुम्हाला कोणी फसवलं होतं का?

उत्तर : विषयांतर नको.

हरकत ९. हे इंग्रजी कुठल्या काळातलं? असं आता कोणी बोलत नाही.

उत्तर : मी बोलतो.

हरकत ९, पुन्हा. कोणाशी?

धाकटा उठला, खिडकी उघडली, बंद केली. बाईंनी आपल्याला निरुत्तर करावं आणि तेही आपल्याच पेनाने, याचा त्याला मनापासून राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी आला. रद्दी विकून टाकली. बसायला येणाऱ्या माणसाने दर वेळी रद्दी उचलावी, हे बरं दिसत नाही.

दहावी हरकत झाली तेव्हा काम संपलं होतं. धाकट्याने फाइल मिटली. चहा केला. चहा पिता पिता त्याला वाटलं, अकरावी घ्यायला काय हरकत आहे?

नोंद ८८. के कारो ते वेंदेस. शब्दशः किती महाग विकतोस रे स्वतःला! फार दिवसांत न दिसलेल्या माणसाला मारलेला प्रेमाचा टोमणा. इंग्रजीत : लाँग टाइम नो सी.

हरकत १९. इंग्रजीत टोमणा गेला, प्रेमही गेलं, नुसती तारीख उरली. शिवाय उदाहरणाचा रकाना रिकामा आहे. तुम्हाला हे कोणी म्हटलं असेल तेच उदाहरण द्या.

तो रकाना तीन दिवस तसाच राहिला. धाकट्याने मनातल्या मनात जुनं ऑफिस उघडलं, एकेक टेबल पाहिलं, जुनी गल्ली पाहिली. चौथ्या दिवशी निळ्या शाईत लिहिलं : उदाहरण उपलब्ध नाही.

बाईंनी त्यावर हरकत घेतली नाही. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

एकूण तेवीस हरकती झाल्या, खाली हिरव्या शाईत वाचता न येणारी सही झाली. फाइल गेली. घर एकदम मोठं झालं. धाकटा दोन-तीनदा सकाळी दाढी करून टेबलाशी जाऊन बसला, आणि लक्षात आल्यावर उठला.

बुधवारी फोन वाजला. ताई! बुधवारी ताईचा फोन म्हणजे कोणीतरी गेलं. धाकट्याने घाबरत उचलला.

"धाकट्या, कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"लपवू नकोस. तुझा तो विमावाला बोलला मला."

झालं होतं असं. वारस विमा घेणाऱ्यापेक्षा मोठा कसा, म्हणून विमा कंपनीने कागद परत पाठवले होते. ताईच्या वयाचा दाखला मागायला विमावाल्याने तिला फोन केला. भिंत पातळ, जीभ सैल. तो म्हणाला होता, "दाखला पाठवा, पण बहुतेक वारस बदलावा लागेल. काकांकडे एक बाई येतात. रोज सकाळी. मी पाहिलं नाही, पण ऐकतो. भांडतात छान."

"ताई, ते तसं नाही..."

पण ताई हसत होती. फोनवर ती नेहमी गुडघ्यांविषयी बोलायची आणि 'बरं, ठेवते' म्हणायची. असं हसताना त्याने तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं. 'नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हो."

"कशी आहे?"

"हरकती घेते."

"बरं झालं. तुझ्यावर कोणीतरी घ्यायलाच हवी होती. जेवते वगैरे का तुझ्याकडे?"

"नाही, कामापुरतीच..."

"कामापुरती कोणी रोज येत नाही रे! मी येते बघायला. गुडघे गेले खड्ड्यात."

धाकटा तोंडात मारल्यासारखा बसला. तासाभरात दुसरा फोन आला. कंपनीच्या विभागप्रमुख बाई.

"फाइल पाहिली. दुसऱ्या वाचक बाईंच्या हरकती म्हणजे... अहो, आमच्याकडे असं कोणी वाचत नाही. एकोणिसावी तर मी दोनदा वाचली."

"आणि भाषांतर?" धाकट्याने विचारलं.

"भाषांतर? ते आहे ना. ठीक आहे. बरं, पुढचं काम आम्ही थेट बाईंनाच द्यावं म्हणतो. गुरुवारी अकराला त्यांना घेऊन या."

"त्यांना वेळ नसतो."

"तुम्ही त्यांचे कोण?"

याचं उत्तर कुठल्याच शाईत नव्हतं. "येतो," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने त्या रिकाम्या खुर्चीकडे असं पाहिलं, की जणू ती त्याचं काम पळवून घेऊन चालली होती.

(भाषांतर ठीक आहे! सदतीस वर्षं! आणि ती कोण कुठली, काल आलेली, जिचं पेनसुद्धा माझं!)

गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने ताई आली. ठेवणीतली शाल, हातात काठी, तीन मजले चढून दारात उभी. आत येऊन तिने दोन्ही खोल्या नजरेखालून घातल्या. दुसरी खुर्ची स्वच्छ होती. तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं.

"कुठे आहे?"

"ऑफिसात भेटेल," धाकटा म्हणाला. हे वाक्य रचायला त्याला रात्रभर... जाऊ दे. रचलं होतं.

ऑफिसात लिफ्ट बंद होती. ताई एकेका पायरीवर थांबत म्हणाली, "रोज येते म्हणजे तिचे गुडघे चांगले असणार." दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "तुझ्यापेक्षा उंच आहे का?" तिसऱ्यावर म्हणाली, "मी काही विचारणार नाही हं. नुसती बघणार." धाकट्याला वाटलं, इमारतीला अजून वीस मजले असते तर बरं झालं असतं.

विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर हिरव्या शाईतल्या हरकतींची फाइल उघडी होती, समोर तीन खुर्च्या होत्या. धाकटा आणि ताई बसले. तिसरी रिकामी. ताईने आपली काठी तिच्यावर ठेवली आणि 'जागा अडते' म्हणून लगेच उचलली.

"दुसऱ्या वाचक?" बाईंनी दाराकडे पाहिलं.

ताईनेही दाराकडे पाहिलं, पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली.

धाकट्याचा हात खिशातल्या पेनावर गेला. "त्या..." तो म्हणाला, "त्या म्हणजे..."

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं तिने गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते. घेणार कोण, नुसता हात लावून जाणार कोण. तिने चेहरा पाहिला. मग खिसा पाहिला. खिशात निळ्याशेजारी हिरवं पेन होतं. ताईच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं, कापडाचा ताका गुंडाळून ठेवावा तसं.

"मीच," ताई म्हणाली.

"तुम्ही?"

"मीच ती. याची मोठी बहीण. उशीर झाला, गुडघे."

विभागप्रमुख बाईंनी चष्मा वर केला. "मग एक सांगा. ही नोंद ४१. हिच्यावर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं." त्यांनी वाचलं, "चांगलं कापड पेटीत ठेवलं तरी विकलं जातं. इंग्रजीत यांनी केलंय, चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही. तुमची हरकत?"

धाकट्याने डोळे मिटले.

"भाषांतर बरोबरच असेल, तो चुकत नाही," ताई म्हणाली. "म्हण खोटी आहे."

"म्हणजे?"

"पेटीतलं कापड पेटीतच कुजतं हो. घडीवर रेषा पडते, ती कधी जात नाही. मी तीस वर्षं कापड विकलं. उत्तम ताका असेल तर तो आधी काढायचा, काउंटरवर फेकायचा, उलगडायचा, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायचा. हवा लागू द्यायची. पेटीत विकलं जातं म्हणणाऱ्याने एक रुमाल तरी विकलाय का?" ती थांबली. धाकट्याकडे न बघता म्हणाली, "खाली लिहा, की ही म्हण माल विकणाऱ्यांची नाही. जे घराबाहेर पडत नाहीत त्यांची आहे."

विभागप्रमुख बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग पुढच्या कामाची फाइल उचलली आणि दोघांच्या मधोमध ठेवली. "साठ नोंदी आहेत. समोरासमोर बसून. आणि अशाच हरकती हव्यात." धाकट्याला त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीकडून शिका जरा."

ताई काठी टेकत तीन मजले उतरली. बस थांब्यावरच्या बाकावर बसली, काठी दोन्ही गुडघ्यांत धरली.

"नव्हतीच ना?"

"नव्हती."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग एक सायकल.

"मी शेजारणीला सांगून आले होते रे," ताई म्हणाली. "आता परत जाऊन काय सांगू?"

"सांग, जमलं नाही."

"का म्हणून विचारेल ती."

धाकट्याने विचार केला. "सांग, स्वल्पविरामावरून बिनसलं."

ताई हसली नाही. मग म्हणाली, "बाई चांगली होती पण."

"हो," धाकटा म्हणाला. "फार."

"तुझ्याकडे प्रत आहे तिच्या हरकतींची?"

त्याने पिशवीतून प्रत काढली. ताईने शालीच्या टोकाने चष्मा पुसला आणि पहिलं पान पाहिलं. "तुझं तू वाच. तिचं मी वाचते. आणि एक सांगते, मी तिच्यासारखं मवाळ वाचणार नाही. पहिल्याच नोंदीत तू चुकलायस. माल नसताना बोलणारा धूर विकत नाही; धूर विकायला आधी काहीतरी पेटवावं लागतं."

"ताई, तो वाक्प्रचार आहे. त्यात पेटवण्याचा काही संबंध नाही."

"संबंध कसा नाही? लिही हरकत."

"लिहिणार नाही. चूक आहे ती."

"मी सही करणार आहे की तू?"

एवढ्यात बस आली. थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने काठीकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि तो गाडी बंद करून वाट पाहत राहिला.

"आजी, येताय ना?"

ताईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आमचं भांडण चाललंय."